मोजून घेतलेले ट्राउट

ट्राउटची गाडी फाटकातून आत आली तेव्हा मी तलावाच्या बांधावर उभा होतो आणि माझ्या पँटच्या खिशात मूठभर खडे होते. मोजायला.

डिसेंबर महिना होता. टेक्सासमधला डिसेंबर आमच्या भंडाऱ्याकडच्या पौषासारखाच. सकाळी पाण्यावर धुकं आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावं एवढं ऊन. काकांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "उद्या ट्रक येईल. ट्राउट सोडून घे. मग रोज सकाळी दाणे टाक. बाकी काही करायचं नाही."

मी म्हटलं, "हो जी."

काका काहीही म्हणाले तरी मी "हो जी" म्हणायचो. ट्राउट म्हणजे काय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पण मासा आहे एवढं कळलं, आणि मासा आहे म्हटल्यावर मला विचारण्यासारखं काही वाटलं नाही. आमचं घरच तलावावरचं. आमच्या जातीचा धंदाच तो.

ट्रकवाला उंच, लाल दाढीचा. मागच्या टाकीत पाणी बुडबुडत होतं. त्याने एक जाडजूड पाइप टाकीला लावला, दुसरं टोक पाण्यात सोडलं आणि खटका उघडायला हात घातला. मी आडवा आलो. न मोजता? आमच्याकडे सरकारी केंद्रातून माशाचं बी आणतात तेव्हा एक कप भरून त्यातली पिल्लं मोजतात, मग कप मोजतात. केंद्राचा माणूस आणि आमच्या मच्छीमार सोसायटीचा माणूस समोरासमोर उकिडवे बसतात आणि शेवटच्या कपापर्यंत एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. हीच रीत. आणि हा माणूस पाइप लावून मोकळा होणार आणि निघून जाणार!

मी हाताने खुणा केल्या. बोटं मोजून दाखवली. तो हसला, डोकं हलवलं, काहीतरी म्हणाला. त्यातला "डॉक्टर" एवढा शब्द मला कळला. मी जागचा हललो नाही. शेवटी त्याने लांब दांड्याचं हातजाळं काढलं. पहिलं जाळं मी बादलीत ओतून घेतलं आणि मोजलं. एकवीस. वीतभर लांबीचे, अंगावर गुलाबी पट्टा, बारीक काळे ठिपके. इतका देखणा मासा मी त्याआधी पाहिला नव्हता. मग दर जाळ्याला एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. जाताना ट्रकवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली नाही. कमी माल देणाराच अशी थाप मारतो, असं मला वाटलं.

आता मी तिथे कसा, ते सांगतो.

मी सातवीत शाळा सोडली. आमच्या गावचे गुरुजी दोनदा घरी आले, माझ्या बापाला म्हणाले, पोरगं हुशार आहे, पाठव. बापाने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि मला मासे धरायला डोंग्यावर घेऊन गेला. गुरुजींचा मुलगा मात्र शिकला, डॉक्टर झाला, अमेरिकेत गेला. त्यांनाच मी काका म्हणतो. गुरुजी म्हातारे झाले, एका बाजूने लुळे पडले, तेव्हा गावात त्यांचं सगळं मीच करायचो. उचलणं, पुसणं, भरवणं. काका त्यांना अमेरिकेत न्यायला आले तेव्हा गुरुजींनी माझा हात सोडला नाही. एवढंच कारण. काकांनी माझे कागद केले आणि बायकोला गावी ठेवून मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड नावाच्या ठिकाणी, डॉक्टर-इंजिनियर लोकांच्या मोठमोठ्या घरांमधल्या एका घरात येऊन पडलो.

दीड वर्षाने गुरुजी गेले.

माझ्या कायमच्या कागदांचं काम तेव्हा वकिलाकडे अर्ध्यात होतं. बायकोचे कागद माझ्या कागदांच्या मागे. मला ज्याच्यासाठी आणलं तो माणूसच राहिला नव्हता. काका एका शब्दाने म्हणू शकत होते, बाबा गेले, आता तू निघ. ते म्हणाले नाहीत. एके दिवशी गाडीत बसवलं, दीड तास गाडी चालवली आणि त्यांच्या या तलावावर आणून सोडलं. पंधरा एकर पाणी, काठाला ओकची झाडं, एक चाकांवरचं पत्र्याचं घर. "इथे राहा. तुला पाण्याची सवय आहे. आम्ही शनिवारी येत जाऊ."

मी त्यांचं मीठ खात होतो आणि त्यांचे उपकार मला झोपेतही आठवायचे. पण जो माणूस बोलत नाही त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं, असंही मला वाटायचं. गुरुजी गेल्यावर काका माझ्या भविष्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. म्हणून मी ठरवलं होतं की या तलावावर माझ्या हातून एवढीशी चूक होऊ द्यायची नाही. तलाव हेच आता माझं काम. तलाव बिघडला की मी गेलो, आणि माझ्याबरोबर बायकोचं येणंही गेलं.

आणि तीन आठवड्यांत ट्राउट कमी व्हायला लागले.

सुरुवातीला दाणे टाकले की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. मासे एकमेकांच्या अंगावरून उड्या मारायचे. ट्रकवाल्याकडे त्यांना माणसाच्या हातचं खायची सवय लागलेली, माझी सावली पाण्यावर पडली की गोळा व्हायचे. गरीब जात. मग ते उकळणं थोडं कमी झालं. मग आणखी कमी. मेलेला मासा एकही तरंगला नाही. बगळे मी जवळ येऊ देत नव्हतो. मग जातात कुठे?

चोरी. दुसरं काय असणार?

संशय घ्यायला मला फार लांब जावं लागलं नाही. कुंपणाच्या पलीकडे एक म्हातारा गोरा राहायचा. गाई होत्या त्याच्या. डोक्यावर मळकी हॅट, जुनी पिकअप गाडी, आणि गाडीत मागे नेहमी एक बादली. तो दोन-तीन दिवसांनी यायचा, कुंपणाच्या फटीतून सरळ आत, जणू त्याच्याच बापाचा तलाव. बांधावर उभा राहून पाण्याकडे बघायचा. एकदा त्याने मला पिशवीभर पेकान आणून दिले, अक्रोडासारखं फळ असतं ते. मी घेतले, पण दोन दिवस खाल्ले नाहीत. विनाकारण कोण कोणाला देतं? मग एकदा त्याने पाण्याकडे बोट दाखवलं, "ट्राउट" म्हणाला, स्वतःच्या पोटावर हात फिरवला आणि खदाखदा हसला.

चोर, आणि वर तोंडावर सांगतो की पोटात घातले!

मी कुंपणाच्या फटीत गुडघ्याएवढ्या उंचीवर काळा दोरा बांधला. आमच्याकडे शिंगाड्याच्या तलावावर बांधतात तसा. दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला. तिसऱ्या दिवशीही तुटलेला. हरणं तिथूनच पाण्यावर येतात हे मला माहीत होतं, पायाचे ठसेही होते. पण मला म्हाताऱ्याचे ठसे हवे होते, म्हणून मी हरणांचे ठसे बघितले आणि न बघितल्यासारखं केलं.

शनिवारी काका-काकू आले. काकू नेहमीसारख्या डबे घेऊन. काकांनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "दाणे टाकले का?"

"नाही जी, तुमच्यासाठी थांबलो."

आम्ही बांधावर गेलो. मी दाणे टाकले. मोजके मासे वर आले. आता विचारतील, एवढेच? काका वाकून बघत राहिले. आणि हसले. "छान," म्हणाले. "व्हेरी गुड."

मासे निम्म्याहून कमी झालेत आणि मालक छान म्हणतो. मी तो दिवसभर त्यांचं हसणं डोळ्यांसमोर आणून आणून तपासत होतो. त्यांना कळलेलं आहे. ते बघतायत, हा स्वतःहून सांगतो का. किंवा त्यांना वाटतंय, मीच खातोय. मासेमाराच्या पोराला तलावावर ठेवलं, दुसरं काय होणार? जेवताना काकूंनी सहज विचारलं, "काय रे, इथे एकटा काय काय करून खातोस?" तर मी हातातला घास खाली ठेवला. "फक्त वरणभात, काकू."

"नुसता वरणभात?" काकू काकांकडे बघून म्हणाल्या. "बघा, तुमच्या तलावावर आणून ठेवलं आणि उपाशी मारताय पोराला."

काका परत हसले. मला ते हसणंही आवडलं नाही.

चोर मला सापडला तो जानेवारीच्या शेवटी, आणि तो हॅटवाला नव्हता.

सकाळी दाणे टाकले. पाच-सहा ट्राउट वर आले. त्यांच्या खालचं पाणी एकदम फुगलं, आतून कोणी उशी वर ढकलावी तसं. एक तोंड उघडलं. माझी मूठ, मनगटासकट, आत गेली असती एवढं मोठं. फक्कन आवाज झाला आणि पाच-सहाचे चार-पाच झाले. हिरवट काळी पाठ, खालच्या जबड्यावर पांढरा वण. काठाकाठाने सावकाश निघून गेला, पोट भरलेल्या सावकारासारखा.

मला इतका आनंद झाला की मी बांधावर बसलोच. अरे, हा तर मरळीचाच भाऊ! इतके दिवस मी माणसांवर संशय घेत होतो आणि चोर घरातच होता.

आमच्याकडे तलावात बी सोडायच्या आधी पहिलं काम काय? खाणारा मासा काढायचा. मरळ, बोद, जे काही मोठ्या तोंडाचं असेल ते. उन्हाळ्यात पाणी आटलं की अख्खं गाव चिखलात उतरून शोधतं. न काढता बी सोडलं तर आंधळाही म्हणेल की मूर्ख आहात. काकांनी नेमकं तेच केलं होतं. शिकलेला माणूस, हृदयाचा डॉक्टर, पण लहानपणापासून पुस्तकात डोकं, तलावाचं त्यांना कोण सांगणार? मी ठरवलं, सांगायचं नाही. करूनच दाखवायचं. काका, तुमच्या तलावाला माझी गरज आहे, हे मला तोंडाने कधीच म्हणता आलं नसतं.

जाळं माझ्याकडे होतं. थंडी सुरू व्हायच्या आधी काकूंकडून नायलॉनचा दोरा मागवून मी फेकायचं जाळं विणलं होतं, खाली शिशाच्या जागी लोखंडी नट बांधले होते. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "जाळं कशाला रे? ह्यांच्याकडे वीस रॉड पडलेत."

"हाताला चाळा जी," मी म्हटलं होतं.

काकांचं ते रॉडचं मासे धरणं मला कधी समजलं नव्हतं. दिवसभर गळ टाकायचा, एक मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. लहान असतो म्हणून सोडतात, अशी मी माझी समजूत घातली होती. शुगर लँडच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी काकांचा एका मोठ्या माशाबरोबरचा फोटो होता. तो मासा कोणाच्या पोटात गेला असेल, याचा मी विचारही केला नव्हता.

पहिल्या दोन सकाळी मिळून त्याच जातीचे सात लहान मासे मिळाले, काका त्यांना बास म्हणायचे. ते मी खाल्ले. लसूण-मिरची वाटून, तिखट रस्सा. खोटं कशाला सांगू, अमेरिकेत आल्यापासून तसा जेवलो नव्हतो. तिसऱ्या सकाळी मूठभर दाणे टाकले, ट्राउट वर आले, पाणी फुगलं, आणि त्याच क्षणी मी जाळं फेकलं. गोल, पूर्ण उघडलं. बापाने बघितलं असतं तर काही बोलला नसता, म्हणजे खूश झाला असता.

ओढताना दोनदा गुडघ्यावर आलो. मासा बाहेर आला तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या, आमच्या भाषेत, मनसोक्त. मग हातात काठी घेतली आणि थांबलो. मेलेला दाखवला तर काका म्हणतील, कुठून आणलास? जिवंतच दाखवावा. मग पत्र्याच्या घराशेजारी गाईंना पाणी पाजायचं मोठं गोल लोखंडी टाकं होतं, त्यात टाकला आणि नळी सोडून ठेवली. शुक्रवार होता. एकच दिवस काढायचा होता.

दुपारी हॅटवाला आला. आज मी त्याचं तोंडभरून हसून स्वागत केलं. चोर नव्हता बिचारा. हाताला धरून टाक्यापाशी नेला आणि दाखवला, बघ.

त्याने बघितलं. डोक्यावरची हॅट काढली. आमच्याकडे मयताला टोपी काढतात तशी काढली त्याने. मग माझ्याकडे बघून ओरडायला लागला. एक शब्द कळत नव्हता. परत टाक्याकडे बघायचा, परत ओरडायचा. मग धावत माझ्या घरात शिरला आणि फोन उचलला.

पोलीस. नाहीतर ते दुसरे, कागद बघणारे. या देशात एखादा मासा धरायला परवाना लागतो, एखाद्याला लागत नाही, एवढं मी ऐकून होतो. याने मला धरून दिलं. पेकान दिले, हसला, पोटावर हात फिरवला, आणि वेळ आल्यावर धरून दिलं. मी आत जाऊन पेटीतून पासपोर्ट काढला आणि शर्टच्या आत घातला. पळायचं कुठे, हे सुचलं नाही म्हणून नुसता उभा राहिलो.

म्हातारा फोन ठेवून बाहेर आला, पण गेला नाही. पाच वाजेपर्यंत त्या टाक्यापाशी होता. बादलीने पाणी काढायचा आणि उंचावरून परत ओतायचा. काढायचा, ओतायचा. त्याच्या घरून मीठ आणून थोडं पाण्यात टाकलं. मला खूण केली, तू पण ओत. मी पण ओतत राहिलो. पाण्यात हवा जावी म्हणून ओततोय हे मला कळत होतं. चोराला एवढी हवा कशाला, ते कळत नव्हतं. आणि पोलीस का येत नाहीत, तेही.

आली ती काकांची गाडी. त्याने त्यांनाच हॉस्पिटलमध्ये फोन केला होता. काका टाय लावलेले, तसेच. काकू मागून.

काका टाक्यात वाकले. वण बघितला. त्यांचा आवाज एकदम गावचा झाला. अमेरिकेत आल्यापासून मी तो ऐकला नव्हता.

"काऊन रे? तुले कोनं सांगतलं हे?"

"कोणीच नाही जी. हा ट्राउट खात होता."

"खाणारच! त्याच्यासाठीच आणले होते ते!"

मला वाक्य कळलं आणि अर्थ कळला नाही. "म्हणजे जी?"

"अरे, ट्राउट या मोठ्या बासच्या खाण्यासाठी सोडतात. हिवाळाभर खातो, चरबी चढते, वाढतो. सहा वर्षं मी याला वाढवतोय. नाहीतरी इकडच्या उन्हाळ्यात ट्राउट मरतातच. ते जगायला आणलेलेच नाहीत!"

मी पाण्याकडे बघत होतो. गुलाबी पट्ट्याचे, माझी सावली बघून गोळा होणारे. मी त्यांना मोजून घेतलं होतं. रोज सकाळी हाताने खायला घातलं होतं. मनात आलं ते त्या दिवशी बोललो नाही, पण इथे लिहितो. लांबून गाडीत घालून आणायचं, वेळच्या वेळी खायला घालायचं, आणि कशासाठी आणलं ते सांगायचं नाही. मला नक्की कशासाठी आणलंय?

तोंडातून मात्र वेगळंच निघालं. "मग आधी सांगायचं ना जी."

काकांना असं कोणी तोंडावर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी तर नक्कीच बोललो नव्हतो. काकू पटकन म्हणाल्या, "घ्या! हे घरात कोणाला काही सांगतात का? हा तलाव विकत घेतला तेव्हा मला चार महिन्यांनी कळलं. मी त्याला काय विचारू, माझ्याच नवऱ्याला विचारते, तुम्ही सांगितलंत का त्याला की मासे माशासाठी आहेत?"

"कॉमन सेन्स आहे."

"त्याच्या गावात नाहीये. तुमचं गाव ना ते?"

मग काकांनी गाडीतून वजनाचा काटा काढला, मासा जबड्याला धरून उचलला. काट्याकडे बघितलं आणि रागातल्या रागात चेहरा बदलला. "अकरा पौंड... चौदा औंस! गेल्या वर्षी नऊ होता." म्हाताऱ्याने काटा बघितला आणि परत पोटावर हात फिरवून खदाखदा हसला. तेव्हा मला त्याचा तो जुना हावभाव कळला. कोणाच्या पोटात गेले, हे तो मला कधीपासून सांगत होता.

काकांनी मासा काठावर पाण्यात धरला, पुढे-मागे हलवला. बराच वेळ तो आडवाच पडत होता. माझं सगळं त्या शेपटीत अडकलं होतं. ती हलली तर मी राहिलो. मग शेपटी एकदा हलली, थांबली, आणि एका झटक्यात काकांच्या टायवर पाणी उडवून तो खाली गेला.

"किती लहान खाल्लेस?" काकांनी पाण्याकडे बघतच विचारलं.

"सात जी."

"कसे होते?"

"मरळीएवढे नाही. पण बरे."

ते गाडीत जाऊन बसले.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी पेटी भरून ठेवली. दाणे टाकायचो, ट्राउट बघायचो, त्यांच्याकडे जास्त वेळ बघवायचं नाही. फोन वाजला की वाटायचं, आता सांगणार. काकू फोनवर म्हणायच्या, ह्यांना ड्युटी आहे, आणि मी त्या आवाजात दुसरं काही आहे का ते ऐकायचो.

तिसऱ्या शनिवारी काका एकटे आले. हातात वकिलाचे कागद. "सही कर. काम बदललंय म्हणून नवीन भरावे लागले."

"हो जी," म्हणून मी सही केली. पण या वेळी लगेच दिले नाहीत. "उद्या दिले तर चालतील?" विचारलं. काकांनी भुवया वर केल्या, पण ठेवून गेले.

गुरुजींचा जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश मी त्यांच्या सामानातून मागून घेतला होता. त्या दुपारी बसलो. अक्षरं मला सातवीपुरती येत होती. एकेक शब्द शोधायचा, वहीत लिहायचा. वाटत होतं, यातच कुठेतरी लिहिलं असेल की याला परत पाठवा, आणि सही माझीच घेतली. दोन तास लागले. तलाव. राखणारा. अनुभवी. मग एक लांबलचक शब्द, तो सापडायलाच वेळ गेला. त्याच्यापुढे छापलं होतं, विश्वास ठेवण्याजोगा.

मी तो शब्द तीनदा तपासला. मग वाटलं, वकिलाने असंच लिहायला सांगितलं असेल. सगळ्यांच्याच कागदात असं लिहीत असतील. पण पेटी मी त्या संध्याकाळी रिकामी केली.

मे महिन्यात पाणी तापलं आणि उरलेले ट्राउट एकेक करून वर आले, उताणे. अकरा होते. मी ते काढले आणि ओकच्या झाडाखाली पुरले. काका म्हणाले, कशाला एवढं, कासवं खातील. मी म्हटलं, "मोजून घेतले होते जी." आणि त्याच वेळी, का कोण जाणे, विचारून टाकलं. "काका, माझे कागद झाले तर मी इथेच राहायचं का?"

"मग कुठे जाणार होतास?" ते म्हणाले. खरोखरच आश्चर्याने. गुरुजी गेल्यापासून मी जे मनात घोळवत होतो ते त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, असा चेहरा. मी त्या चेहऱ्यावर निम्मा विश्वास ठेवला.

दोन हिवाळे गेले. बायको नोव्हेंबरात आली. पहिल्याच शनिवारी काकूंनी तिला तीन स्वेटर, एक कोट, बूट, भांडी, असं काय काय आणलं. बायको सगळं घेऊन आत आली आणि दार लावून मला हळूच म्हणाली, "इतलं काऊन देतात आपल्याले?"

मी हसलो. "त्यांनाच विचार."

मला वाटलं नव्हतं ती विचारेल. ती सरळ बाहेर गेली. "काकू, आमाले इकडं कायले आणलं जी तुमी?"

काकू डबा उघडत होत्या. "माझ्या सासऱ्यांचं मला करता आलं नाही गं," त्या म्हणाल्या. "मला जमलंच नाही. तुझ्या नवऱ्याने केलं. आणि शिवाय ह्यांच्या माशांकडे कोण बघणार? मी? घे, पुरणपोळी आहे, गरम कर."

बायकोने मान हलवली. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही.

डिसेंबरात ट्रक आला. लाल दाढीत आता पांढरं दिसत होतं. मी बांधावर जाऊन उभा राहिलो, बायको शेजारी, अंगात काकूंचा कोट. तिला मी सगळं सांगितलं होतं, मासे कशासाठी येतात ते. ती म्हणाली, "मंग मोजता कायले? त्याच्या तोंडातच जानार हायेत."

ट्रकवाल्याने पाइपला हात लावलाच नाही. मला बघितलं, लांब दांड्याचं हातजाळं काढलं आणि पहिली खेप बादलीत ओतली. मी खिशातून खडे काढले आणि निम्मे तिच्या हातात दिले.